तोंड बांधण्याचा मंत्र

अंबरनाथ, ११ जानेवारी २०२५

सई,

तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस, म्हणून कागद. बदलापूरच्या व्याख्यानमालेत तुझ्या सिनेमाबद्दल मी जे बोलले त्यातला एक शब्दही मागे घ्यायला हे पत्र लिहीत नाही. तू बाबांना म्हणालीस, "आईने मला माईकवरून मारलं." सिनेमा दुसऱ्या कुणाच्या मुलीने लिहिला असता तरी मी तेवढंच मारलं असतं. आपली आहे म्हणून हात हलका ठेवायचा, हे मला जमत नाही आणि जमू नये.

तुझ्याकडे काम आहे.

पालेगावात तेजल नावाची मुलगी आहे. सोळा वर्षांची, उल्हासनगरच्या कॉलेजात अकरावीला. मागे एका वक्तृत्व स्पर्धेला मी परीक्षक होते तेव्हा तिने दुसरा नंबर काढला होता. पहिला तिचाच होता, पण घंटा वाजली तरी बाई थांबायला तयार नव्हती. तिची आई राजाबाई शिवमंदिराच्या रस्त्यावर भाजी घेऊन बसते. वडील वारले. मायलेकी दिराच्या, दौलतरावांच्या, घराला लागून असलेल्या दोन खोल्यांत राहतात.

काल राजाबाई आली. पायरीवरच बसली. आत ये म्हटलं तर म्हणाली, "नको मॅडम. आमी आत आलेलं लोकांना खपत नाय आता." मग म्हणाली, "माजे पोरीला भुताली बोलतान."

भुताळी म्हणजे चेटकीण, ते तुला ठाऊक आहे. तुमच्या सिनेमात तिला शक्ती असते. इकडच्या गावांत तिला फक्त शिक्षा असते.

झालं असं. डिसेंबरच्या अमावास्येला तेजल आणि तिच्या दोन मैत्रिणी एका अर्ध्या बांधलेल्या टॉवरच्या तळमजल्यावर गेल्या आणि त्यांनी तुझ्या सिनेमातला तो प्रसंग केला. मिठाचं वर्तुळ, मेणबत्त्या, मंत्र म्हणत लाल दोऱ्याला गाठी मारून एकाचं तोंड बांधायचं. नाव घेतलं प्रज्वलचं. प्रज्वल हा तेजलचा चुलतभाऊ, दौलतरावांचा मुलगा, बाविशीचा. थर्टी फर्स्ट साजरा करून तो झोपला आणि उठला तो तोंड एका बाजूला फिरलेलं. डोळा मिटेना, पाणी प्यायला गेला की ओठातून गळायला लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, चेहऱ्याची नस सुजली आहे, महिना दोन महिन्यांत येईल जागेवर. पण मैत्रिणी घाबरल्या आणि त्यांनी आपापल्या घरी सगळं ओकून टाकलं. "तेजलनं केलं, आम्ही नुसत्या मेणबत्त्या धरल्या." तुझ्या सिनेमातही शेवटी मैत्रिणीच तिला बांधतात. तू ते कल्पनेने लिहिलंस असं तुला वाटत असेल.

मी राजाबाईला विचारलं, प्रज्वलचंच नाव का? ती पायाकडे बघत म्हणाली, "भांडतान दोघं. लहानपनापासून." भावंडं भांडतात. मी पुढे गेले.

आज सकाळी मी दौलतरावांकडे जाऊन आले. त्यांना सांगितलं की तो मंत्र खोटा आहे, माझ्या मुलीनेच लिहिलाय. तो मंत्र म्हणजे तुझ्या आजीचा गोडा मसाला आहे! दगडफूल, नागकेशर, जायपत्री. उलटं वाचलं की लफूडगद, रशकेगना, त्रीपयजा. थिएटरात सगळे श्वास रोखून बसले होते तेव्हा मी एकटीच हसले होते. दौलतरावांनी ऐकून घेतलं. वाईट माणूस वाटला नाही. म्हणाले, "बाई, तुमी कशाला सांगता? जिनं बनवला तिला आना गावात. ती बोलली तं बगू."

म्हणून ये. गावासमोर उभी राहा आणि सांग की हे मी माझ्या टेबलावर बसून बनवलंय. एवढंच काम आहे.

आई


अंबरनाथ, १९ जानेवारी

सई,

तुझं उत्तर बाबांच्या फोनवर आलं. बाबांनी ते मला चहा ढवळत ढवळत सांगितलं, म्हणजे निम्मं गाळलं असणार. तुमच्या कंपनीच्या वकिलाने सांगितलंय की सिनेमाबद्दल बाहेर काही बोलायचं नाही. आणि सुरुवातीला पाटी आहेच, सर्व पात्रं काल्पनिक आहेत. सई, पालेगावात पाटी कोणी वाचत नाही. मीही कधी वाचली नाही.

आणखी एक वाक्य तू म्हणालीस. "मुलींना तो सिनेमा आवडतो, कारण त्यात कोणीतरी त्यांना घाबरतं." बाबा म्हणाले, "कुंदा, यावर जरा विचार कर." मी विचार केला. नुसता नाही, अभ्यास केला. आठवडाभर दुपारी जेवणानंतर बसून तुमच्या जातीचे जितके सिनेमे मोबाईलवर मिळाले तितके पाहिले. अमेरिकेतले, कोरियातले, आपल्याकडचे. बाबा म्हणाले, "निवृत्तीनंतर लोक कीर्तन ऐकतात, आमच्याकडे चेटकिणी."

आपल्या जुन्या सिनेमातली चेटकीण म्हातारी असायची. उलटे पाय, लांब वेणी, पडक्या घरात एकटी. ती बाई म्हणजे गावाने टाकलेली विधवा, हे कळायला फार हुशारी लागत नाही. आता ती सोळा वर्षांची झाली आहे. युनिफॉर्म, काजळ, स्वतःची खोली, खोलीला आतून कडी. शहरात नवीन आलेली, डबा खायला कोणी सोबत नाही. मग तीन मुली भेटतात. मेणबत्त्या येतात. आधी केस सरळ होतात, चेहऱ्यावरचे फोड जातात, वर्गातला तो मुलगा वळून बघतो. तासभर सगळं गोड. मग त्यांच्यातली एक रागावते, खरी रागावते, आणि तिथून वादळ, फुटलेल्या काचा, मेलेले पक्षी. शेवटी चांगली मुलगी आपली शक्ती सोडून देते आणि रागीट मुलगी इस्पितळाच्या खाटेला बांधलेली दिसते. देश कुठलाही असो! ज्या वयात मुलीचं शरीर बदलतं नेमकं त्याच वयात तिच्यात काहीतरी भयंकर शिरतं, हे सांगणारा माणूस कोण आहे? तो मुलगी नाही. तो तिला बघून दचकलेला कोणीतरी आहे. आणि तुझ्यासारख्या हुशार मुली त्याच्यासाठी संवाद लिहितात.

शिवाय तुमच्या या मुलींपैकी एकीचीही आई भाजी विकत नाही.

परवा तेजलला भेटले. रडून रडून सुजलेली असेल असं धरून चालले होते. ती ओट्यावर मेथी निवडत बसली होती.

"मॅडम, तुमचीच मुलगी ना ती? पिक्चर भारी आहे पण."

"काय भारी आहे त्यात?"

"ती कॉरिडॉरमधून चालत येते ना, सगळे बाजूला होतात. बस, तेवढंच. बाकी स्टोरी काय, ठीकठाक."

"तुझं तोंड वक्तृत्वासाठी आहे, मंत्रासाठी नाही."

"वक्तृत्वात दुसरा नंबर आला, मॅडम." आणि हसली. "मंत्रात पहिला."

राजाबाईने तिच्या पाठीत धपाटा घातला. शेजारच्या ओट्यावरून कोणीतरी दार लावून घेतलं.

मुलगी वाह्यात नाही. तिच्या डोक्यात सिनेमा भरलाय, तो काढायला हवा. तू येणार नसशील तर मी माझ्या पद्धतीने काढते. सव्वीस जानेवारीला गावच्या शाळेच्या मैदानात आपला चमत्कार उघडे पाडणारा प्रयोग लावला आहे. तो मी गेली तीस वर्षं करते आहे. नारळातून कुंकू, जिभेवर कापूर, आणि शेवटी काडी न लावता पेटणारा यज्ञ. यावेळी तो यज्ञ मी पेटवणार नाही. तेजल पेटवेल. गावाने डोळ्यांनी बघावं की जिला तुम्ही भुताळी म्हणता तिच्या हातात फक्त दोन औषधं आहेत. मग मी औषधांची नावं सांगेन, आणि त्यांचीच पोरं पुढे येऊन तेच करतील. यापेक्षा सरळ पुरावा मला सुचत नाही.

उल्हासनगरच्या केमिकलवाल्याकडून सामान आणलं. तो सिंधी म्हातारा मला ओळखतो. "मॅडम, फिर किसी बाबा का नंबर लगा क्या?" म्हटलं, इस बार एक लड़की को बचाना है. त्याने पुडी बांधता बांधता विचारलं, "आग से?"

आई


अंबरनाथ, २७ जानेवारी

सई,

कालच्या कार्यक्रमाबद्दल बाबा तुला काहीबाही सांगतील. ते मागच्या रांगेत बसले होते आणि त्यांना मागच्या रांगेतून सगळंच वाईट दिसतं. म्हणून मीच लिहिते.

गर्दी चांगली होती. झेंडावंदन झाल्यावर लोक थांबले. बायका पुढे बसल्या. दौलतराव खुर्चीवर, शेजारी प्रज्वल, तोंडाला रुमाल बांधलेला. नारळ झाला, हशा झाला. कापूर झाला, पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी अर्धा तास बोलले. नस म्हणजे काय, ती सुजते म्हणजे काय, आपल्याच माणसाला भुताळी म्हणणं हा या राज्यात गुन्हा आहे, हे सगळं सांगितलं.

मग तेजल आली. निळा पंजाबी ड्रेस, केस धुतलेले, मोकळे. केस बांध म्हणून सांगायचं माझ्या लक्षात राहिलं नाही. ताटलीत लाकडं रचली होती, खाली जांभळी पूड. तिने वाटीतलं औषध ओतलं आणि मी सांगितल्याप्रमाणे हात वर धरून उभी राहिली. तूप म्हणून जे ओततात ते ग्लिसरीन असतं, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. ते ओतल्यावर जरा वेळ लागतो. काल गारठा होता, त्यामुळे जास्तच लागला. मी माईकवर काहीतरी बोलून ती वेळ भरून काढायला हवी होती, पण नेमका माईक खरखरायला लागला आणि मी वायर बघायला वाकले. तेवढ्यात तेजलने मान वर करून समोर पाहिलं. समोर प्रज्वल होता. आणि आग लागली.

जाळ मोठा आला, मान्य आहे. पूड थोडी जास्त झाली असावी.

मी लगेच माईक घेतला आणि औषधांची नावं सांगायला सुरुवात केली. पण बायका उठल्या होत्या. पोरांना दंडाला धरून ओढत नेत होत्या. पुढे येऊन प्रयोग करायला दोन मुलं मी आधी ठरवून ठेवली होती, ती दिसेनात. प्रज्वलची खुर्ची आडवी पडली होती. एक म्हातारी माझ्या अंगावरून जाताना म्हणाली, "बगितला ना डोल्यांनी?" मी म्हटलं, आजी, तेच सांगते आहे, डोळ्यांनी बघा! ती थांबली नाही.

समारोप होऊ शकला नाही. बाकी कार्यक्रम शिस्तीत झाला.

तेजल मात्र तिथेच उभी होती, ताटलीजवळ. मी म्हटलं, झालं, चल. ती म्हणाली, "मॅडम, तो कसा पळाला बघितलं?" चेहरा असा उजळलेला, की मी तिला ओरडले.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "कुंदा, तुझ्या हातून पेटलं असतं तर प्रयोग होता."

आई


अंबरनाथ, ९ फेब्रुवारी

सई,

व्हिडिओ तुझ्यापर्यंत पोहोचला असेलच. बदलापूरपासून शहाडपर्यंत सगळ्यांच्या मोबाईलवर आहे. त्यातून माझा आवाज काढून टाकलाय. मी वाकून वायर बघते आहे ते तेवढं ठेवलंय, त्यामुळे मी तिच्या पाया पडते आहे असं दिसतं. आणि वर तुझ्या सिनेमाचं संगीत लावलंय. लफूडगद, रशकेगना, आणि जाळ. तू वकिलाला विचारून बघ, आता हा सिनेमा आपल्या दोघींचा आहे.

नळावर राजाबाईचा हंडा लागला की बाकीच्या बायका आपले उचलून नेतात. तिची भाजी कोणी घेत नाही. दाराशी रोज लिंबं पडलेली असतात. कॉलेजने तेजलला "वातावरण निवळेपर्यंत" घरी बसायला सांगितलं. मी प्राचार्यांना म्हटलं, वातावरण तिने नाही बिघडवलं. ते म्हणाले, "मॅडम, इतर पालकांचाही विचार करावा लागतो." त्यांच्या टेबलावर सरस्वतीची मूर्ती होती. मी तिच्याकडे बोट दाखवून जे बोलले ते इथे लिहीत नाही.

पोलिसांकडे गेले. साहेब तरुण होते, अदबीने बोलले. "मॅडम, तुमचं भाषण मी ऐकलंय. अंगावर काटा येतो." मी म्हटलं, काटा नको, तक्रार घ्या. त्यांनी मोबाईल माझ्याकडे वळवला. "आग तर तुम्हीच लावायला लावलीत ना तिला? आता आम्ही कोणाला काय सांगायचं?" शेवटी घेतली तक्रार. समज देऊ म्हणाले.

काल दौलतरावांनी निरोप धाडला. येत्या रविवारी देवळासमोर गावाची बैठक आहे. कोण्या एका भगताला बोलावलंय. तो तांदळाचे दाणे टाकून सांगणार, तेजल भुताळी आहे की नाही. आहे निघालं तर मायलेकींनी गाव सोडायचं. मी फोन करून कायद्याची कलमं ऐकवली तेव्हा म्हणाले, "बाई, मी रोकलाय म्हनून आजून दगड नाय पडले. तुमची मुलगी येनार होती तिचं काय झालं?"

भगत येईल त्या दिवशी पोलीस आणून बसवीन, तो भाग माझा. पण कायद्याने भगत गप्प बसतो, गाव नाही. गावाला हसू यायला हवं. भीतीवर तेवढं एकच औषध आहे, आणि ते माझ्याकडे उरलेलं नाही. माझं तोंड बघितलं की त्यांना आता आग दिसते.

तेजलला हे सांगायला गेले होते. वाटलं होतं सुटकेचा श्वास सोडेल. ती भांडायलाच लागली.

"नका आणू त्यांना. राहू द्या ना मॅडम."

"काय राहू दे?"

"लोकं घाबरतात ते. बरं आहे. कोणी जवळ येत नाही."

"तुझी आई उपाशी मरते आहे, आणि तुला हे बरं वाटतं?"

"मी कंपनीत जाईन कामाला. शपथ. तुम्ही फक्त खोटं आहे म्हणून सांगू नका."

राजाबाई चुलीपाशी बसून राहिली. एरवी पोरीला धपाटा घालणारी बाई, हू का चू केलं नाही तिने.

मी तेजलला चांगली तासभर समजावलं. कुठल्या कुठल्या जिल्ह्यात कुठल्या बायकांचं काय झालं, नावानिशी सांगितलं. भीती आज दार लावून घेते, उद्या तेच दार पेटवते. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. सिनेमा किती खोल भिनतो ते मला त्या दिवशी कळलं. तुमच्या त्या कॉरिडॉरमधून चालायला मिळतंय म्हणून ही पोर जीव द्यायला निघाली आहे.

सई, आजवर मी कोणापुढे हात पसरला नाही. पसरते आहे. ये. वकिलाला माझं नाव सांग. वाटल्यास माझ्याशी बोलू नकोस. त्यांच्याशी बोल.

आई


अंबरनाथ, २३ फेब्रुवारी

सई,

हे पत्र टाकायचं नाही. बाबांनी तुला फोन केला आहे आणि तू निघाली आहेस. दारातच तुझ्या हातात देईन. जिन्यात थांब, वाच, आणि मग आत ये. आत गेल्यावर हे बोलता येणार नाही.

मागच्या रविवारी तू जे केलंस ते मला आयुष्यात जमलं नाही. मी लोकांना उठवते, तू त्यांना बसवलंस. मसाल्याच्या पुड्या पिशवीतून काढल्यास, दगडफूल वर धरलंस, आणि त्या 'बगितला ना डोल्यांनी' म्हणणाऱ्या म्हातारीलाच म्हणालीस, "आजी, याचं नाव उलटं बोला बघू." तिने तीनदा प्रयत्न केला आणि चौथ्यांदा ती स्वतःच हसत सुटली. मग सगळ्या बायका. मग पोरं, लफूडगद लफूडगद करत. भगत पोलिसांकडे बघून केव्हाच निघून गेला होता. दौलतराव डोळे पुसत म्हणाले, "म्हंजे मसाला लागला व्हय आमच्या पोराला?" आणि प्रज्वलने रुमाल काढला. तोंड बरंचसं सरळ झालं होतं. तोही हसत होता.

तू तेजलला जवळ घेतलंस तेव्हा ती हसत नव्हती. मला वाटलं, लाजली. गाडीत बसताना तू माझा हात धरलास, किती वर्षांनी, आणि म्हणालीस, "आई, जिंकलो ना गं?" मी हो म्हणाले.

बुधवारी दुपारी राजाबाई तेजलला घेऊन आली. यावेळी पायरीवर बसली नाही. सरळ आत येऊन म्हणाली, "मॅडम, हिला ठेवा. मना काय बोलता येत नाय. तो आमचे दिराचा पोर हाय."

सई, तो मुलगा गेल्या दिवाळीपासून तेजलला अडवत होता. नळावर, टॉवरच्या आडोशाला, आई बाजारात गेली की घरात. कोणाला सांगितलंस तर तुझ्याबद्दल काय काय सांगेन बघ, अशी धमकी. म्हणून तिला त्याचं तोंड बांधायचं होतं. दुसऱ्या कुठल्याही प्रसंगाची नक्कल तिने केली नाही. केसांची नाही, मुलाला वश करण्याची नाही. तुझ्या दोन तासांच्या सिनेमातून तिने नेमकं तेवढंच उचललं. आणि तोंड फिरलं. जानेवारी आणि अर्धा फेब्रुवारी तो तिच्या सावलीलाही उभा राहिला नाही. त्या दिवसांत ती ओट्यावर बसून मेथी निवडत होती, मला उलट उत्तरं देत होती. मी तो सिनेमाचा परिणाम समजले.

रविवारी गाव हसलं. मंगळवारी तो तिच्या घरात शिरला. दारात उभा राहून आधी मंत्र म्हणाला म्हणे, सगळाच्या सगळा, आणि हसला.

पुढचं ती बोललेली नाही. मीही विचारलं नाही.

राजाबाईला माहीत होतं. पूर्ण नाही, पण माहीत होतं. "भांडतान" म्हणाली ते तिने पायाकडे बघत म्हटलं होतं. ज्यांच्या भिंतीला लागून राहायचं त्यांच्या पोराचं नाव ती कुठे घेणार? आणि मी, जी तीस वर्षं सभांमधून ओरडते आहे की बाईला चेटकीण ठरवतात तेव्हा मागे कोणाचा तरी मतलब असतो तो शोधा, मी मतलब शोधला नाही. मला सिनेमा सापडला होता. तो पुरला.

तू म्हणाली होतीस, कोणीतरी त्यांना घाबरतं म्हणून मुलींना तो सिनेमा आवडतो. मी त्यावर आठवडाभर दुपारचे सिनेमे पाहिले आणि तुला पानभर सुनावलं. त्या सगळ्या सिनेमांचा शेवट मला तेव्हाच दिसला होता. मुलीकडून शक्ती काढून घेतात आणि ती सुटली म्हणून दिवे लावतात. हॉलमधले लोक समाधानाने घरी जातात. आपणही गेलो. तू गोरेगावला, मी इथे, बाबांनी वाटेत पेढे घेतले.

पोलिसांत गेलो आहोत. तेच साहेब. यावेळी मोबाईल दाखवला नाही, लगेच महिला अधिकारी बोलावली. त्या बाई चांगल्या होत्या, पाणी दिलं, घाई केली नाही. पण तेजलने तोंड उघडलं नाही. घंटा वाजली तरी न थांबणारी मुलगी, सई. त्यांनी विचारलं, त्याने काय केलं? ती टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर वाचत बसली. उद्या पुन्हा बोलावलं आहे. तिने सांगितल्याशिवाय पुढे काही होणार नाही असं नाही, पण जे होईल ते फार लंगडं होईल. तिकडे दौलतरावांनी म्हणायला सुरुवात केली आहे की पोर आधी भुताळीचं नाटक करत होती, आता हे.

काल संध्याकाळी मी तिला म्हटलं, तू बोल, मी तुझ्या शेजारी बसेन. अख्ख्या महाराष्ट्रासमोर उभी राहीन. तिने माझ्याकडे नीट पाहिलं. आल्यापासून पहिल्यांदा.

"मॅडम, लोकांना परत सांगता येईल का?"

"काय?"

"की ते खरं होतं."

मी नाही म्हणाले. सई, मी विचार न करता नाही म्हणाले. इतक्या वर्षांची जीभ आहे, ती आपोआप वळते. मग कारणं सांगायला लागले. असत्याने कोणाचं रक्षण होत नाही, उद्या ते तुझ्यावरच उलटेल, कायदा आहे, मी आहे. सगळं बरोबर होतं. आजही बरोबर आहे. ती शेवटपर्यंत ऐकून घेत होती, स्पर्धेत परीक्षकाचं ऐकतात तशी. मग म्हणाली, "बरं", तुझ्या खोलीत गेली आणि आतून कडी लावली.

तेव्हापासून उघडलेली नाही. चहा घेतला नाही, जेवण घेतलं नाही. बाबा दाराबाहेर खुर्ची टाकून बसले आहेत आणि तिला पेपर मोठ्याने वाचून दाखवत आहेत, क्रिकेटचं पान. मी हे तिथेच जमिनीवर बसून लिहिते आहे. मध्येच आतून पलंग करकरतो. तो करकरला की मी पुढचं वाक्य लिहिते. सुताराला बोलावलं आहे. तो येऊन बसला आहे, पण बाबा म्हणतात, अजून एकदा तिला स्वतः उघडू दे.

आत आल्यावर माझी बाजू घेऊ नकोस. तिला काही समजावू नकोस. तिने तुलाही तोच प्रश्न विचारला, तर माझ्यासारखं घाईने उत्तर देऊ नकोस.

पलंग बराच वेळ वाजला नाही. मी उठते.